शिसे, आम्ल आणि पाणी : जुन्या वाहनाच्या बॅटरीची घरगुती निगा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कोणी शोधले, पेटंट कोणास मिळाले, कारखाना केव्हा उभा राहिला, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून सहज मिळतात. ते यंत्र वापरणाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षे कसे सांभाळले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात नेमक्या याच उणिवेकडे लक्ष वेधले. नव्या शोधांपेक्षा प्रत्यक्ष वापरातील जुन्या वस्तू आणि त्यांची देखभाल हाच तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा मोठा भाग होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वाहनातील शिसे-आम्ल बॅटरी हे या प्रतिपादनाचे उत्तम उदाहरण ठरते. दीडशेहून अधिक वर्षे जिचे मूळ रसायन बदललेले नाही, अशी ही वस्तू आहे. विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात ती वाहनमालकाकडून नियमित सेवेची अपेक्षा करीत असे. महिन्या-पंधरवड्याने तिच्या बुचांतून आत डोकावणे, ऊर्ध्वपातित पाणी घालणे, विशिष्ट गुरुत्व मोजणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर घरीच चार्जर लावणे, ही कामे मालकाच्या वा चालकाच्या नित्यकर्मांत मोडत. प्रस्तुत निबंधात या घरगुती निगेचा उगम, त्यामागील शास्त्र, तिचा भारतीय संदर्भ आणि तिचा ऱ्हास यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संचायक घटाचा उगम

१८०० मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी विद्युत् घटांची चळत सिद्ध केली. तो घट मात्र एकदा संपला की संपला. बाहेरून प्रवाह देऊन घट पुन्हा भारित करता येतो, याची पहिली चुणूक जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांच्या १८०३ मधील प्रयोगांत दिसली. तथापि, व्यवहारात उपयोगी पडेल असा पुनर्भारणक्षम घट १८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी तयार केला. शिशाचे दोन पत्रे, त्यांच्यामध्ये विलगक, दोहोंची गुंडाळी आणि ती विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवलेली, अशी त्याची साधी रचना होती. १८६० मध्ये प्लांते यांनी नऊ घटांची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केली.

प्लांते यांच्या घटाची अडचण अशी होती की, पत्र्यांवर क्रियाशील थर निर्माण होण्यासाठी तो पुन्हा पुन्हा भारित व विसर्जित करावा लागे आणि त्यात दीर्घ काळ जाई. कामीय फोर यांनी १८८१ च्या सुमारास शिशाच्या ऑक्साइडाचा लेप पत्र्यांवर देऊन ही अडचण दूर केली. त्याच सुमारास पत्र्यांऐवजी जाळीदार सांगाडा वापरण्याची आणि शिशात अँटिमनी मिसळून तो सांगाडा कणखर करण्याची कल्पना पुढे आली. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी घटातील रासायनिक क्रियेचा उलगडा केला. विसर्जनाच्या वेळी धन व ऋण अशा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते व पाणी निर्माण होते. भारणाच्या वेळी ही क्रिया उलट दिशेने घडते.

या उलगड्यातून पुढील शतकभराच्या निगेचा पाया घातला गेला. आम्ल स्वतःच क्रियेत भाग घेत असल्यामुळे त्याची घनता पाहून घटात किती भार शिल्लक आहे हे सांगता येते. काचेच्या नळीतील तरंगता हायड्रोमीटर हे साधे उपकरण त्यामुळेच बॅटरीची नाडी ठरले. पूर्ण भारित घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६ ते १.२८ असते, तर उतरलेल्या घटात ते १.१२ च्या आसपास येते. उष्ण प्रदेशांत आम्लाचा पट्ट्यांवरील विपरीत परिणाम वाढत असल्याने तेथे पूर्ण भारित बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व १.२४ च्या आसपास राखण्याची पद्धत पडली.

मोटारगाडीतील प्रवेश व घरातील चार्जर

वाहनात ही बॅटरी प्रथम आली ती इंजिन सुरू करण्यासाठी नव्हे, तर खुद्द वाहन चालवण्यासाठी. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झी यांनी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली, ती विजेच्या मोटारीतून. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील सधन कुटुंबांत विजेच्या मोटारी लोकप्रिय होत्या. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा या स्वतः १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक मोटार वापरत, ही बाब या संदर्भात बोलकी आहे. या मोटारी रात्री घरच्या गॅरेजात भारित कराव्या लागत. घरापर्यंत येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असेल तर तो एकदिश करणे आवश्यक होते. पीटर कूपर ह्युइट यांच्या १९०२ च्या पारा-वाफेच्या एकदिशकारकाने ही सोय झाली. वाहनाची बॅटरी घरी चार्ज करण्याच्या प्रथेचा आरंभ असा विजेच्या मोटारींपासून झाला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पेट्रोलच्या मोटारीत बॅटरीचे स्थान पक्के केले ते चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत् स्टार्टरने. कॅडिलॅक कंपनीने तो १९१२ च्या मॉडेलमध्ये बसवला. हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्ट व त्यातील धोका कमी झाला. स्टार्टरने विजेच्या मोटारीची बाजारपेठ संपुष्टात आणण्यास हातभार लावला; पण बॅटरीला मात्र प्रत्येक मोटारीत कायमचे घर मिळवून दिले. पूर्वी अनेक मोटारींत ६ व्होल्टची पद्धत रूढ होती. १९५० च्या दशकात मोठ्या इंजिनांची गरज म्हणून अमेरिकन मोटारींत १२ व्होल्टची पद्धत आली.

घरगुती चार्जरही बदलत गेला. पारा-वाफेच्या मोठ्या दिव्यानंतर तापतंतू असलेल्या वायुभरित नळ्या, पुढे कॉपर ऑक्साइड व सेलेनियमच्या चकत्या आणि अखेरीस सिलिकॉन डायोड असा त्याचा प्रवास झाला. एक रोहित्र, चार डायोड, एक ॲमीटर आणि लाल-काळ्या रंगाचे दोन चिमटे एवढ्याच सामग्रीचा चार्जर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गल्लीतील वायरमनही बनवून देऊ शकत असे.

निगेमागील शास्त्र

बॅटरीत पाणीच घालावे, आम्ल घालू नये, हा नियम जुन्या चालकांना पाठ होता. त्यामागील कारण सरळ आहे. भारणाच्या अखेरीस प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टच्या वर गेला की पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाचीही त्यात भर पडते. सल्फ्युरिक आम्ल मात्र आतच राहते. अशा वेळी आम्ल घातल्यास द्रावण प्रमाणाबाहेर तीव्र होते व पट्ट्यांचे आयुष्य घटते. हायड्रोमीटरचा आकडा वर गेल्याने बॅटरी ‘चढली’ असा भास तेवढा होतो.

पाणी ऊर्ध्वपातितच का, याचेही उत्तर रसायनात आहे. विहिरीच्या वा नळाच्या पाण्यातील लोहाचे कण धन व ऋण पट्ट्यांमध्ये ये-जा करीत भार आतल्या आत संपवतात. क्लोराइडांमुळे धन पट्ट्यांची झीज होते. भारतीय मानकांत बॅटरीच्या पाण्यासाठी आय. एस. १०६९ हे स्वतंत्र मानक आहे, यावरून या बाबीचे महत्त्व स्पष्ट होते.

पाणी केव्हा व किती घालावे, यालाही नियम आहेत. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे, चार्जिंग पूर्ण करावे आणि मग पातळी पट्ट्यांच्या वर सुमारे १० ते १५ मिलिमीटर येईल इतकी भर घालावी. भारणकाळात द्रावणाची पातळी वाढते. आधीच काठोकाठ भरल्यास आम्लमिश्रित पाणी बाहेर येऊन पत्रा व वायरी खाऊन टाकते. नुकतेच घातलेले पाणी हलके असल्याने वरच तरंगते, म्हणून त्यानंतर लगेच घेतलेले विशिष्ट गुरुत्वाचे वाचन फसवे ठरते. सहा घटांपैकी एखाद्याचे वाचन इतरांपेक्षा ०.०५० ने कमी आल्यास तो घट सदोष समजावा, असाही संकेत रूढ होता.

जुन्या बॅटरीला ‘पाणी जास्त लागते’ असा अनुभव चालक सांगत. ही समजूत निराधार नाही. जाळीतील अँटिमनी कालांतराने विरघळून ऋण पट्टीवर जमा होते. त्यामुळे हायड्रोजन कमी दाबावरच सुटू लागतो आणि पाणी अधिक खर्ची पडते. चालकांच्या अनुभवातून आलेले निरीक्षण आणि रसायनशास्त्र येथे एकमेकांस दुजोरा देतात.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश असावा, हा दुसरा प्रचलित नियम. ४० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीस ४ ॲम्पियर प्रवाह पुरे. ती निम्मी उतरली असल्यास पाच-सहा तासांत भरते. रात्रभर चार्जर तसाच सोडण्याचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. पूर्ण भारित बॅटरीतून आणखी दहा तास २ ॲम्पियर प्रवाह जात राहिला, तर २० ॲम्पियर-तासांमागे प्रत्येक घटातील सुमारे ७ ग्रॅम आणि सहा घटांचे मिळून ४० ग्रॅम पाणी नष्ट होते. त्याच वेळी सुमारे ५० लिटर हायड्रोजन खोलीत पसरतो. हवेतील त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. म्हणूनच बॅटरी मोकळ्या जागी ठेवणे, चिमटे आधी लावून विजेचे बटण नंतर सुरू करणे आणि काढताना बटण आधी बंद करणे, हा क्रम पाळला जाई. डोळ्यांवर चष्मा व जवळ भरपूर पाणी असणेही तितकेच आवश्यक मानले जाई.

गाडी उभी राहिल्याने होणारी हानी ही घरगुती चार्जिंगची सर्वांत मोठी गरज होती. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बॅटरीतील लेड सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुन्हा विरघळेनासे होतात. स्वयंविसर्जनाचा वेग तापमानाबरोबर वाढत असल्याने उष्ण हवामानात हे संकट लवकर ओढवते. महिन्यातून एकदा चार्जर लावणे हा त्यावरील सोपा उपाय होता.

भारतीय संदर्भ

भारतात मोटारींच्या बॅटरीचे उत्पादन स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभे राहिले. आजच्या एक्साइड कंपनीचा पहिला कारखाना १९४६ मध्ये पश्चिम बंगालमधील श्यामनगर येथे व दुसरा १९६९ मध्ये पुण्याजवळील चिंचवड येथे निघाला. पिंपरी-चिंचवड परिसरात वाहनउद्योग विस्तारत असताना बॅटरीचा कारखानाही तेथेच यावा, हा योगायोग नव्हता.

मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर कंपनीची फियाट, म्हणजे पुढील पद्मिनी, आणि हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसडर या दोन मोटारींनी भारतीय रस्त्यांवर दीर्घ काळ राज्य केले. या गाड्यांच्या आधीच्या मॉडेलांत बॅटरी भारित करण्यासाठी डायनामो असे. डायनामोची मर्यादा अशी की, इंजिन मंद गतीने चालत असताना तो पुरेसा दाब निर्माण करू शकत नाही आणि ‘कट-आउट’ नावाचे उपकरण त्यास बॅटरीपासून तोडते. परिणामी गर्दीच्या शहरात, रात्रीचे दिवे लावून, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरत जाई. लांबच्या प्रवासात रेग्युलेटर बिघडलेला असल्यास तीच बॅटरी अतिभारित होऊन पाणी गमावी. डॅशबोर्डावरील लाल दिवा व गाडीतील हँडल या दोन गोष्टी चालकास या मर्यादेची सतत आठवण करून देत.

अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर आणला. भारतात १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० बरोबर तो सामान्य मध्यमवर्गीयांपर्यंत पोहोचला. तोवर निगेची जबाबदारी मालकावरच होती. मोटारसायकलींची स्थिती याहून वेगळी नव्हती. जावा-येझदीसारख्या गाड्यांत ६ व्होल्टची लहान बॅटरी असे. तिच्यात द्रावण थोडे असल्याने पातळी लवकर खाली जाई. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या वाहनांत धन अग्र सांगाड्यास जोडलेले असे, त्यामुळे चार्जर लावताना केवळ ‘जमिनीची तार काळी’ या समजुतीवर विसंबणे महाग पडे.

या गरजेतून बॅटरी चार्जिंगची दुकाने हा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. बॅटऱ्यांची रांग एकसरीत जोडून रात्रभर चार्ज करायची, तोवर गिऱ्हाईकास भाड्याची बॅटरी द्यायची, फुटलेली पेटी डांबराने सांधायची, अशी कामे तेथे चालत. ज्या गावांत वीज पोहोचली नव्हती, तेथे रेडिओ, ध्वनिक्षेपक आणि पुढे दूरचित्रवाणी संचही मोटारीच्या बॅटरीवर चालत आणि ती बॅटरी एस.टी.तून वा सायकलवरून तालुक्याच्या दुकानी नेली जाई. ‘बॅटरी उतरली’, ‘बॅटरी बसली’ हे वाक्प्रयोग माणसाच्या थकव्यासाठीही मराठीत सहज वापरले जातात. एखादी तांत्रिक वस्तू भाषेत अशी मुरते, तेव्हा ती समाजाच्या हाताळणीतली झालेली असते, हे उघड आहे.

निगामुक्त बॅटरी आणि ज्ञानाचे स्थलांतर

शिशात अँटिमनीऐवजी कॅल्शियम मिसळल्यास पाण्याचा ऱ्हास अत्यल्प होतो, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९३५ मध्येच सिद्ध झाले होते. तथापि त्याचा उपयोग टेलिफोन केंद्रांतील बॅटऱ्यांपुरताच राहिला. १९७० च्या दशकात हे मिश्रधातू मोटारींच्या बॅटऱ्यांत आले आणि ‘निगामुक्त’ बॅटरीचा जन्म झाला. बुचे नाहीशी झाली वा लेबलाखाली लपली. पुढे द्रावण बाहेर न सांडणाऱ्या बंदिस्त बॅटऱ्याही दुचाकींत रूढ झाल्या.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. आम्लाने जळालेले कपडे, गंजलेली अग्रे आणि सकाळी सुरू न होणारी गाडी यांतून वापरकर्त्याची मोठ्या प्रमाणात सुटका झाली. परंतु त्याबरोबर एक ज्ञानही हातातून गेले. पूर्वी बॅटरी हळूहळू खालावताना दिसे. तिच्या सहा घटांचे सहा आकडे तिची प्रकृती सांगत. बंदिस्त बॅटरी बंद पडेपर्यंत काहीच सांगत नाही. दुरुस्त करता येणारी वस्तू केवळ बदलता येणारी वस्तू झाली आणि निर्णयाचा अधिकार मालकाकडून विक्रेत्याकडे गेला.

येथे एक प्रतिवाद संभवतो. घरगुती निगा ही गरिबीतून व टंचाईतून आलेली सक्ती होती. तिचा गौरव करण्याचे कारण नाही, असे म्हणता येईल. या म्हणण्यात तथ्य आहे. मोटारमालक स्वतः क्वचितच हात घालत; आम्लाशी गाठ पडे ती पगारी चालकाची व दुकानातील अल्पवयीन मदतनिसाची. म्हणून या निगेचा इतिहास केवळ कौशल्याचा इतिहास नसून श्रमाच्या व धोक्याच्या वाटणीचाही इतिहास आहे.

शिशाचा प्रश्न

धोक्याची ही वाटणी निगामुक्त बॅटरीनेही संपवली नाही. ती दूर सरकवली. मोटारीच्या बॅटरीच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो. हे शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, हा तिचा मोठा गुण. परंतु हेच काम उघड्या भट्टीवर झाल्यास तो गुण शाप ठरतो. सेनेगलमधील डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात जुन्या बॅटऱ्यांतील शिशाच्या विषबाधेने १८ बालके दगावली. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी बालकांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे आणि बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्चक्रीकरण हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

भारतात २००१ च्या बॅटरी नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. २०२२ मध्ये त्यांची जागा अधिक व्यापक नियमांनी घेतली. या पार्श्वभूमीवर घरगुती निगेचा अर्थ बदलतो. वेळेवर घातलेले पाणी व महिन्यातून एकदा लावलेला चार्जर यांमुळे बॅटरी एक-दोन वर्षे अधिक टिकली, तर ती तितकी उशिरा भट्टीकडे जाते. उलटपक्षी, जुने आम्ल गटारात ओतून बॅटरी भंगारवाल्यास देणे ही कृती त्याच साखळीतील सर्वांत घातक कडी ठरते, कारण त्या आम्लात शिशाचे कणही मिसळलेले असतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, वाहनाची बॅटरी घरी चार्ज करण्याची प्रथा विजेच्या मोटारींपासून सुरू झाली आणि विजेच्या वाहनांच्या रूपाने ती आज घरोघरी परतली आहे. फरक एवढाच की आता तिच्यात वापरकर्त्याला पाहण्यासारखे व मोजण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. दुसरी, निगेचे नियम ही केवळ कारागिरांची परंपरा नव्हती. त्यांतील बहुतेकांना रसायनशास्त्राचा भक्कम आधार होता. तिसरी, या निगेतील श्रम व धोका समाजात समान वाटला गेला नव्हता आणि आजही तो तसा वाटला जात नाही.

मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ अखेर संपली; ॲम्बॅसडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. या गाड्या संग्रहालयांत व हौशी संग्राहकांकडे जतन होतील. पण त्यांना रोज सकाळी सुरू ठेवणारे ज्ञान जुन्या चालकांच्या, वायरमनांच्या व चार्जिंगच्या दुकानदारांच्या स्मरणातच आहे. वाहनांसोबतच्या मालक-पुस्तिका, दुकानांच्या वह्या आणि या कारागिरांच्या मुलाखती यांचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास, रसायनशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी संयुक्तपणे हाती घेतल्यास स्थानिक तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होईल. ही पिढी वयोवृद्ध होत असल्याने हे काम लांबणीवर टाकणे इष्ट ठरणार नाही.